तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर खोलीचा अंदाज परत येतो का?

तुम्ही कळवलेलं थोडक्यात असं: वय ३४, अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. उजवा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला. आई सांगते की साडेतीन-चार वर्षांचे असताना तापानंतर तो फिरायला लागला. शाळेत प्लसचा चष्मा होता, तो कॉलेजात सुटला. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि डोळे आता सरळ दिसतात. पण कपात चहा ओतताना आणि शिडी उतरताना अंदाज पूर्वीसारखाच चुकतो, संध्याकाळी दमल्यावर एकाचे दोन दिसतात. एका डॉक्टरांनी सांगितलं की या वयात खोलीची जाण येत नाही, ऑपरेशन दिसण्यापुरतंच असतं. दुसरीकडे एका केंद्राने सहा महिन्यांच्या व्यायामाची हमी देऊन मोठी रक्कम सांगितली. यात खरं कोणाचं, आणि तीन वर्षांच्या मुलीचे डोळे दाखवायला हवेत का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

भाऊ, मी ऑर्थॉप्टिस्ट आहे. तिरळेपणा मोजणं आणि दोन डोळ्यांना एकत्र कामाला लावणं हेच माझं काम, आणि जळगावात मी ते बरीच वर्षं करते आहे. माझ्या मते त्या दोघांनीही तुम्हाला न तपासता उत्तर दिलं. ऑपरेशनने डोळे सरळ होतात. दोन्ही डोळ्यांची चित्रं मेंदूत एकत्र येणं ही त्यापुढची वेगळी पायरी आहे. ती चढता येईल का, हे तुमच्या आजच्या वयापेक्षा डोळा कोणत्या वयात वळला यावर जास्त ठरतं. तुम्ही लिहिलेल्या माहितीत ‘साडेतीन-चार वर्षं’ आणि ‘प्लसचा चष्मा’ या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. त्या का, ते सांगते.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोन्ही डोळ्यांना समोरची वस्तू किंचित वेगळी दिसते. या फरकातूनच मेंदू खोली काढतो, हे १८३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी दाखवलं. त्यांनी दोन सपाट रेखाचित्रं आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्याला वेगळी दाखवली, आणि बघणाऱ्याला कागदातून उठून आलेली आकृती दिसली. पुढे ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाचा एक डोळा लहानपणीच तिरळा केला, तर मेंदूच्या ज्या पेशी एरवी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात त्यांची संख्या फार कमी होते, असं त्यांना दिसलं. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं आणि ‘लहानपण गेलं की संधी गेली’ हा नियम डोळ्यांच्या शिक्षणात पक्का बसला. तुमच्या डॉक्टरांचं वाक्य तिथून आलेलं आहे. पण ती पिल्लं अगदी कोवळ्या वयातली होती, दोन डोळ्यांची जोडणी पक्की होण्याआधीच तिरळी केलेली. ज्या माणसाची जोडणी आधी तयार झाली आणि मग तुटली, त्याला तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून मोठ्या माणसाला तपासताना मी पहिल्यांदा घरातले जुने फोटो मागते. बारशाचा, जावळाचा, अंगणवाडीतला, लग्नाच्या मांडवात कडेवर घेतलेला, कुठलाही चालेल. बाहुलीवर फ्लॅशचा जो पांढरा ठिपका पडतो तो दोन्ही डोळ्यांत एकाच जागी आहे का, हे पाहायचं. एका डोळ्यात तो मध्यभागी आणि दुसऱ्यात बाहेरच्या कडेला सरकलेला असेल, तर तो डोळा त्या वेळी आत वळलेला होता. डोक्याची दिशाही बघावी लागते, नाहीतर फसगत होते.

सहा महिन्यांच्या आत डोळा वळला आणि अनेक वर्षं वळलेलाच राहिला, तर मोठेपणी खोलीची जाण येण्याची आशा मी फार कमी देते. डोळा बाहेरच्या बाजूला, तोही अधूनमधूनच जात असेल, तर चित्र एकदम वेगळं असतं. अशा माणसाचे डोळे दिवसातला बराच वेळ एकत्र काम करतच असतात, त्यामुळे ऑपरेशननंतर त्याची खोलीची जाण बऱ्याचदा चांगली राहते किंवा सुधारते. तिसरा गट मोठेपणी तिरळे झालेल्यांचा. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला किंवा मधुमेहामुळे डोळ्याची नस तात्पुरती लुळी पडली, असे रुग्ण ‘माले दोन दोन दिखतस’ म्हणतच आत येतात. त्यांचा मेंदू पूर्वी दोन चित्रं जोडत होता आणि आताही जोडायला तयार असतो. डोळा सरळ झाला किंवा चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाशाची दिशा वळवणारी काच, दिलं की खोली बहुतेकदा परत येते, मग वय ३० असो की ६५.

तुमचा गट या सगळ्यांच्या मधला वाटतो. साडेतीन-चार वर्षांपर्यंत डोळे सरळ होते हे फोटोंतून पक्कं झालं, तर तुमच्या मेंदूने जोडणीची पहिली काही वर्षं नीट घालवली आहेत. तापाचं म्हणाल, तर आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घर तापाला किंवा पडण्याला दोष देतं. ताप हे बहुधा निमित्त असतं. या वयात डोळा आत वळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लसचा नंबर. अशा मुलाला स्पष्ट बघण्यासाठी डोळ्यातल्या भिंगावर सतत जोर द्यावा लागतो, आणि तो जोर दिला की डोळे आपोआप आत ओढले जातात. चष्मा लावला की जोर कमी होतो आणि डोळा पूर्ण किंवा थोडा तरी सरळ होतो. तुम्ही तोच चष्मा कॉलेजात सोडलात. ऑपरेशनने स्नायूंची जागा बदलली, तुमचा नंबर मात्र तेवढाच राहिला. दिवसभर वह्या तपासून, फोन बघून दमलेला डोळा संध्याकाळी तोच जोर लावतो, डोळे थोडे आत सरकतात आणि एकाचे दोन होतात. तुमच्या त्रासाचं हेच कारण असेल असं तपासल्याशिवाय म्हणणार नाही. पण माझ्यासमोर बसला असतात, तर पहिलं काम म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तुमचा खरा नंबर काढला असता. थेंबांशिवाय काढलेला नंबर अशा डोळ्यांत बराचसा लपून राहतो. व्यायामाचा एक पैसाही देण्याआधी हे करून घ्या.

दुसरी गोष्ट, डोळे ‘सरळ दिसतात’ यावर थांबू नका. आरशात सरळ आणि मोजमापात सरळ यात फरक असतो. प्रिझमच्या पट्टीने, एकेक डोळा आळीपाळीने झाकून उरलेला कोन मोजतात. दूरचा आणि जवळचा, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, असे आकडे कागदावर लिहून मागा. ढोबळमानाने आठ-दहा प्रिझम डायॉप्टरच्या (हा कोन मोजायचं एकक) आत कोन आला, तर मेंदूला निदान कडेकडेची चित्रं तरी जोडता येतात. त्यापेक्षा जास्त उरला असेल, तर कितीही व्यायाम केला तरी दोन चित्रं एकमेकांवर बसणं कठीण. थोडाच उरला असेल, तर चष्म्याच्या काचेवर चिकटवायचं पातळ फ्रेनेल प्रिझम महिनाभर लावून बघता येतं. बऱ्याच जणांना दुसऱ्या ऑपरेशनचं नाव ऐकूनच घाम फुटतो. पण सगळीच दुरुस्ती चाकूने होत नाही. बोटॉक्स म्हणून आज ओळखलं जाणारं औषध मुळात तिरळेपणासाठीच अमेरिकेतल्या ॲलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वापरात आणलं, आणि १९८९ मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली तीही याच कामासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या त्रासासाठी. निवडक रुग्णांत उरलेल्या कोनासाठी ते आजही वापरतात.

आता दोन दिसण्याबद्दल. तुम्हाला त्याची भीती वाटते आहे, साहजिकच आहे. लहानपणी डोळा वळला की मुलाला दोन चित्रं दिसतात, आणि त्या गोंधळातून सुटण्यासाठी मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. तुमच्या मेंदूने हे ३० वर्षं केलं. ऑपरेशननंतर डोळ्याची दिशा बदलली, की दाबलेलं चित्र कधी कधी वर येतं. पहिले काही दिवस किंवा काही आठवडे असं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं मावळतं. चौथ्या महिन्यात फक्त दमल्यावर दोन दिसणं, याचा एक अर्थ असा निघतो की उजवा डोळा पूर्ण गप्प नाही. ही आशेची बाजू आहे. पण याच ठिकाणी सावधही राहायला हवं. काही माणसांच्या मेंदूत दोन चित्रं जोडण्याची क्षमता उरलेलीच नसते. त्यांचं दाबून टाकणं व्यायामाने मोडलं, तर हाती खोली येत नाही, आयुष्यभराचं दोन दिसणं मात्र येतं, आणि ते परत दाबता येईलच असं नाही. म्हणून चित्र किती घट्ट दाबलेलं आहे हे लाल काचांच्या पट्टीने मोजायचं, सिनॉप्टोफोर या यंत्रावर दोन चित्रं एकमेकांवर बसतात का ते बघायचं, आणि मगच व्यायाम सुरू करायचा. ही तपासणी न करता तुम्हाला हमी देणाऱ्या केंद्रात मी माझ्या भावाला पाठवणार नाही.

दोन दिसणं अचानक सुरू झालं, सतत राहिलं, सोबत पापणी पडली किंवा डोकं जोरात दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्याचा ऑपरेशनशी संबंध नसू शकतो.

खोली आहे की नाही हे कळतं कसं? चहा ओतण्यावरून कळत नाही, कारण एका डोळ्यानेही माणूस अंतर ओळखतो. जवळची वस्तू मोठी दिसते, पुढची मागचीला झाकते, सावली पडते, डोकं हलवलं की जवळचं भराभर सरकतं आणि लांबचं हळू. तुम्ही इतकी वर्षं मोटरसायकल चालवलीत ती याच खुणांवर. आमच्याकडच्या एक काकू एका डोळ्याच्या नजरेवर खापरावरचे मांडे करतात, आणि हातावर पसरलेला मांडा त्यांनी खापराबाहेर टाकलेला मी पाहिलेला नाही. खरी तपासणी म्हणजे या सगळ्या खुणा काढून घेऊन उरतं ते बघणं. पोलरॉइड चष्मा लावून माशीचं मोठं चित्र दाखवतात. खोली असलेला माणूस पंख चिमटीत धरायला जातो आणि त्याची बोटं कागदाच्या वर हवेतच थांबतात. ही ढोबळ पातळी, ३००० सेकंदांची. एका अंशात ३६०० सेकंद असतात, ते हे कोनाचे सेकंद; दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक त्यांत मोजतात, आकडा जितका लहान तितकी जाण बारीक. वाचनाच्या अंतरावर ३००० सेकंद म्हणजे सुमारे चार सेंटिमीटरचा पुढे-मागेपणा कळणं. ४०० सेकंद म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर. सामान्य नजर ४० सेकंद किंवा त्याहून बारीक असते, म्हणजे त्याच अंतरावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. सुईत दोरा ओवायला, सोनाराला दागिन्याची कडी जोडायला ही शेवटची पातळी लागते. कपाची कड आणि किटलीची चोच जुळवायला मधली पुरते.

तुमच्यासारख्याला ४० सेकंद मिळतील असं मी म्हणणार नाही. काही शेकड्यांत कुठेतरी पोचलात तरी रोजच्या जगण्यात फरक पडतो. माशीच्या चित्रात अंदाजाने उत्तर देता येतं, म्हणून ठिपक्यांच्या चाचणीवर खात्री करून घ्या. नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांत लपलेली आकृती दोन्ही डोळे जोडल्याशिवाय दिसतच नाही. माझी आणखी एक सवय आहे. माशीचं पान मी उलटं, डोकं खाली करून दाखवते. खरंच खोली दिसत असेल, तर माशी आता कागदाच्या मागे गेलेली दिसते.

मोठेपणी हे साधल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांचं. अगदी तान्हेपणापासून तिरळेपणा, लहानपणी तीन ऑपरेशनं, डोळे दिसायला सरळ, आणि खोलीची जाण आली वयाच्या ४८व्या वर्षी, नजरेच्या व्यायामानंतर. त्यांची गोष्ट खरी आहे आणि ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांना तिने विचार करायला लावलं. पण एका माणसाला जमलं म्हणून ते विकत मिळतं, असं होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्याच डिंग आणि लेव्ही या संशोधकांनी मोठ्या माणसांकडून हजारो वेळा सराव करून घेतला आणि काहींना खोलीची जाण आलेली दाखवली. तिथेही मेहनत प्रचंड होती आणि माणसं थोडी. केंद्रवाले कधी कधी २००८ चा एक मोठा अमेरिकी अभ्यास पुढे करतात. तो ९ ते १७ वर्षांच्या मुलांचा होता, आणि त्यांना तिरळेपणा नव्हता. जवळ बघताना डोळे पुरेसे आत येत नाहीत, या वेगळ्या तक्रारीचा तो अभ्यास. त्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखालचा व्यायाम उपयोगी ठरला हे खरं, पण त्याचे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

तपासणीत जोडण्याची क्षमता दिसली, तर मी सुरुवात एका दोरीने करून घेते. ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात तिला. तयार मिळते, पण घरीही होते: तीनेक मीटर पांढरी दोरी आणि पोळ्याला बैलांना घालतात तसे तीन वेगळ्या रंगांचे मणी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याशी. एक मणी वीतभर अंतरावर, एक मधे, एक लांब. जवळच्या मण्याकडे बघा. दोन्ही डोळे काम करत असतील तर मणी एकच दिसेल, पण दोरी मात्र दोन दिसतील आणि त्या बरोबर मण्यापाशी एकमेकींना छेदतील. दुसरे दोन मणी दुहेरी दिसतील, आणि ते दिसायलाच हवेत. एकच दोरी दिसली, तर एक डोळा गप्प झाला असं समजा. पापण्या मिटून उघडा, मणी हलवा, उजेड बदला. छेद मण्याच्या अलीकडे पडला, तर डोळे गरजेपेक्षा आत आहेत. डोळा आत वळलेल्यांना जवळच्या मण्यावर आधी जमतं, मग तो बोटबोट लांब सरकवत न्यायचा. घाई केलीत तर फक्त डोकं दुखेल. रोज दहा मिनिटं, चष्मा लावून, सकाळी. तुम्ही लिहिलेल्या संध्याकाळच्या वेळी नको.

या दोरीने खोली ‘तयार’ होते असा दावा मी करत नाही. दोन्ही डोळे एकाच जागी बघत आहेत का, हे ती माणसाला स्वतःचं स्वतःला दाखवते, आणि ते दाखवणारं दुसरं इतकं स्वस्त साधन मला माहीत नाही. पुढे लाल-हिरवे चष्मे, जोडचित्रांची कार्डं, संगणकावरचे किंवा डोक्याला लावायच्या व्हीआर संचावरचे खेळ असतात. केंद्रात जाणार असाल तर सुरुवातीचा सेकंदांचा आकडा, कोनाचा आकडा आणि दाबण्याची पातळी लिहून घ्या, दीड-दोन महिन्यांनी तेच पुन्हा मोजायला सांगा. काहीच हललं नसेल तर थांबा. आणि पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

खोली येते तेव्हा ती बहुधा सगळीकडे एकदम येत नाही. माझ्याकडे आलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टी बऱ्याचशा सारख्या आहेत: केळीच्या बागेत पानांच्या मधली रिकामी जागा दिसली, निंबाच्या फांद्या एका कागदावर चिकटल्यासारख्या न दिसता काही पुढे आल्या, पावसाच्या धारा एकामागे एक दिसल्या. रावेरच्या एका मुलीला स्वयंपाकघरातला नळ अंगावर आल्यासारखा वाटला आणि ती दचकून मागे सरकली. हे क्षण येतात आणि जातात. सुरुवातीला जिने-उतार वेगळे वाटून गरगरतं, म्हणून त्या काळात रात्री मोटरसायकल टाळा आणि शिडी दुसऱ्याला धरायला सांगा.

आणि खोली आली नाही तर? तरीही तुमचं ऑपरेशन दिसण्यापुरतं होतं, हे मला मान्य नाही. आत वळलेला डोळा सरळ झाला की त्या बाजूचा नजरेचा पट्टा रुंदावतो. तुमच्या उजव्या बाजूने येणारी गाडी आता आधी नजरेत यायला हवी, लक्ष देऊन बघा. वर्गात मुलांच्या नजरेला नजर देऊन शिकवता येणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही.

आता मुलीबद्दल. हो, दाखवा, आणि डोळा वळायची वाट बघू नका. वडिलांना प्लसचा नंबर आणि तिरळेपणा, म्हणजे तिला धोका इतरांपेक्षा जास्त, आणि तीन वर्षं हे नेमकं तसं होण्याचं वय. तिरळा डोळा भाग्याचा असतो किंवा मोठं झाल्यावर आपोआप जातो, असं घरात कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण तारीख पुढे ढकलू नका. तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीमधी भटकतात, त्यानंतर सतत वळलेला डोळा नैसर्गिक नसतो. तुमच्या मुलीला अक्षरं वाचता यायची गरज नाही. थेंब टाकून, डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून नंबर काढता येतो. नंबर निघाला आणि चष्मा लागला, तर तो झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा. शाळेपुरता, टीव्हीपुरता नाही. थेंब किंवा मलम ॲट्रोपिनचं असेल, तर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही, बाहुली मोठी राहते, जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लेकराचे हाल होतील, तेव्हा शक्यतो या दिवसांत नेऊ नका. न्यावंच लागलं, तर सकाळची वेळ घ्या आणि कडा असलेली टोपी सोबत ठेवा. त्याच फेरीत तुमचाही थेंबांचा नंबर काढून घ्या, पण परतताना गाडी तुम्ही चालवू नका.